अकरा दिवसांची तार

त्या साली मी खानापूरच्या पोस्टात होतो.
खाकी कोट सरकारचा, वहाणा माझ्या,
पगार साडेसतरा,
त्यातला एक रुपया युद्धफंडाला न विचारता कापलेला.

लोंढ्याकडं जाणाऱ्या गाड्या
पलटणीच्या पोरांनी भरलेल्या असायच्या.
ओळख नसली तरी हात हलवायची ती.
त्यातल्याच एका गाडीनं गुंडू गेला,
रवळू कुंभाराचा धाकटा भाऊ.
त्याची मनीऑर्डर मी भट्टीपाशी नेऊन द्यायचो.
रवळूचा अंगठा असा, की कागदावर
शाईच्या आधी माती उमटायची.

एक भाऊ राजासाठी मिसरच्या वाळूत,
एक राजाच्या विरुद्ध मलप्रभेच्या काठाला.
आईला त्यात काही अवघड वाटलं नाही.
दोघांनाही तिनं भाकरी बांधून दिली होती.

ऑगस्टात पत्रकं आली.
पुढून मराठी, मागून कन्नड,
शाई पुसट, कागद पातळ.
उजेडात धरला की दोन्ही लिप्या
एकमेकींत शिरायच्या,
वाचता काही यायचं नाही,
कळायचं मात्र सगळं.
बसलिंगप्पाच्या गाडीतून घड्यांच्या पोटात बसून
ती नंदगडला गेली, बैलहोंगलला गेली.
वर पिंजर, पिंजरावर बसलिंगप्पा,
तोंडात पान, नाक्यावर झोपेचं सोंग.

मग एका रात्री तार तुटली.
गर्लगुंजीच्या वळणावर,
तीन खांबांमधली.
सकाळी मास्तर यंत्राची कळ दाबत बसलेले,
मेलेल्या माणसाची नाडी बघावी तसे.
फौजदारानं मला आधी कन्नडात विचारलं,
मग मराठीत,
मग काठीनं.
तिन्ही भाषांत माझं उत्तर एकच होतं.

खरं तर ठाऊक होतं मला.
आदल्या दिवशी चाकाजवळ पक्कड बघितली होती मी,
आणि कुंभाराला पक्कड कशाला लागते?

अकरा दिवस लाइन बंद.
लोंबत्या तारेवर कुणीतरी लुगडं वाळत घातलं.
मधे चतुर्थी झाली.
रवळूच्या आईनं गुंडूच्या वाटच्या पाच नेवऱ्या
डब्यात झाकून ठेवल्या,
पोर रजेवर येईल म्हणून.

बाराव्या दिवशी लाइन जोडली
आणि तासाभरात अडकलेल्या तारा येऊन पडल्या,
बत्तीस.
त्यातली एक मास्तरांनी माझ्या हातात दिली,
माझ्याकडं न बघता.

भट्टी पेटलेली होती.
रवळूनं कागद घेतला, उलटा धरला, मला परत दिला.
मी वाचलं.
'कधीची रे?'
'अकरा दिवसांची.'
तो बोटं मोजू लागला, मातीची बोटं,
आणि अकराव्यावर थांबला.
ती रात्र त्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

बराच वेळ भट्टीचाच आवाज.
मग म्हणाला,
'अकरा दिवस म्हातारी पोटभर जेवली.'
एवढंच.
मी निघालो, तर पाठीमागून,
'लाइन जोडलीत काय रे?'
'जोडली.'
'बरं.'

त्या रात्री लाइन पुन्हा तुटली.
या वेळी सहा खांबांमधली.

रवळू सापडला नाही कधी.
तांब्याचे तुकडे त्यानं भट्टीत घातले,
पक्कड नदीत.
सापडला नाही म्हणून तुरुंग नाही,
तुरुंग नाही म्हणून दाखला नाही,
आणि पुढं पेन्शनीच्या कचेरीत
त्याच्या नावापुढं रेघ.

रवळू गेल्यावर मीच गेलो तिथं, कोट नसलेला,
त्या भट्टीतला एक माठ काखेत घेऊन.
बुडाशी हिरवट डाग आहे, हाताएवढा,
तिथं तांबं वितळलं होतं.
म्हटलं, साहेब, पुरावा.

साहेबांनी माठ फिरवून बघितला,
टिचकी मारली.
आवाज छान आला.
म्हणाले,
'केवढ्याला?'